आईचे मौन

(संस्थानच्या वार्षिक उत्सवप्रसंगी सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने आपण ऐकत आला आहात. मी विद्वान नव्हे. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला एक सामान्य मनुष्य. समितीने मला ‘माझी आई’ हा विषय दिला तेव्हा प्रथम संकोच वाटला. प्रत्येकास आपली आई थोर वाटते आणि तिचे गुण चारचौघांत गाणे म्हणजे एका परीने स्वतःचेच कौतुक करून घेणे. परंतु विचार करता करता ध्यानी आले की आमच्या आईच्या आयुष्याचे शेवटचे दीड वर्ष ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही. आपल्या अनेक घरांत ती घडून गेली आहे आणि आजही कोठे ना कोठे घडत असेल. म्हणून तिच्याविषयी बोलण्याचे धाडस करतो.

आपल्या संस्थानच्या नोंदवहीत महाजनांची नावे पिढ्यान् पिढ्या लिहिलेली आहेत. ती वही चाळली असता आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सापडतात. आजी आणि पणजी सापडत नाहीत. वास्तविक या देवालयाची ज्योत ज्या वातींवर तेवली त्या वाती वळणारे हात त्यांचे, उत्सवाच्या पंक्तीस जे अन्न वाढले गेले ते निवडणारे, कांडणारे, रांधणारे हातही त्यांचेच. आमची आई अशांपैकी एक होती.

तिचा जन्म अंत्रुज महालातील एका कुळागराच्या घरी झाला. पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकात सासष्टी, तिसवाडी व बारदेश येथील आपली कुलदैवते ज्या भागात आश्रयास आली, तोच हा भाग. १७६३ मध्ये फोंडा महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला तरी येथील देवळांचे चौघडे थांबले नाहीत. त्या वातावरणात ती वाढली. मुलींना शाळेत घालण्याचा प्रघात नव्हता. देवळाच्या अग्रशाळेत शेणैमामांची मराठी शाळा भरे. धाकट्या भावाला तेथे पोहोचवावयास ही जाई आणि ओसरीच्या खांबाला टेकून बाहेरूनच पाढे व मुळाक्षरे ऐके. घरी आल्यावर भावाच्या पाटीवर ती अक्षरे गिरवी. एवढ्या शिदोरीवर तिने मराठी वाचन हस्तगत केले. पुढे श्रावणात शिवलीलामृताचा अध्याय ती इतक्या शुद्ध वाणीने वाची की शेजारच्या शिकलेल्या बायकाही ऐकावयास येत.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्या घरी आली. वडिलांचे फोंड्याच्या बाजारात लहानसे दुकान होते. सहा मुले, सासू, एक विधवा आत्या, असा खटला. पहाटे बावीवरून पाणी आणण्यापासून रात्री दाराला अडसर घालीपर्यंत तिचा दिवस चाले. १९५५ नंतर आर्थिक नाकेबंदीची वर्षे आली आणि भारतातून येणारा माल बंद होऊन दुकानाची कंबर मोडली. त्या दिवसांत उकड्या तांदळाची पेज, भाजलेले सोल आणि आंब्याची मिसकूट एवढ्यावर तिने घर चालविले, परंतु पंक्तीतून कोणी अर्धपोटी उठला नाही. ती स्वतः शेवटी जेवावयास बसे. तिच्या पानात काय होते हे पाहण्यास तेव्हा कोणी जागे नसे.

आम्हां मुलांस पणजीच्या लिसेंवात शिकविण्याची वेळ आली तेव्हा तिने आपल्या पाटल्या काढून वडिलांच्या हाती दिल्या. त्याविषयी ती पुढे कधी चकार शब्द बोलली नाही. आम्ही घरी पोर्तुगीज पाठ घोकत बसलो म्हणजे ती शेजारी वाती वळीत बसे. अर्थ कळत नसला तरी कोण अडखळतो हे तिला बरोबर कळे. ‘पुन्हा म्हण’ एवढेच म्हणे.

तिची देवभक्ती बोलकी नव्हती. नवस-सायास, कौल-प्रसाद यांपेक्षा नित्य सेवेवर तिचा भर असे. सकाळी परसातील अबोली, जाई आणि शेवंती खुडून वळेसर करावयाचे आणि पूजेपूर्वी देवळात पोहोचते करावयाचे, हा तिचा नेम. कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमेसाठी ती चातुर्मासापासून वाती वळू लागे. नवरात्रात मखरापुढे ती उभी राहिली म्हणजे तिच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता दिसे ती इतरत्र कधी दिसत नसे. घरात ती कोणाची तरी सून, पत्नी, आई असे. देवीपुढे काही क्षण ती केवळ तिची स्वतःची असे.

अशा बाईने १९७८ च्या पावसाळ्यात देवळात जाणे बंद केले.

प्रथम वळेसर शेजारच्या मुलीकरवी जाऊ लागले. पुढे तेही थांबले. नैवेद्याच्या स्वयंपाकातून तिने अंग काढून घेतले आणि तो सुनेकडे सोपविला. कारण विचारले असता ‘गुडघे धरतात’ असे ती सांगे. वय साठीजवळ आलेले, आयुष्यभर पाणी वाहिलेले. कारण कोणासही पटण्याजोगेच होते. मात्र देवघरात ती पाऊल टाकीत नाही, तुळशीला लांबूनच हात जोडते, एवढे सुनेच्या नजरेतून सुटले नाही. एके दिवशी बावीवर धुणे धुताना तिला उलगडा झाला. विटाळ जाऊन दहा वर्षे झालेल्या सासूच्या वस्त्रावर रक्ताचे डाग होते.

सुनेने विचारले तेव्हा आईचा पहिला शब्द होता, “कोणाक सांगूं नाका.” त्यानंतर तिने जे सांगितले ते असे, की हे आठ महिन्यांपासून चालू आहे, अशा स्थितीत देवाला शिवणे बरे नव्हे म्हणून आपण दूर राहतो, आणि ही गोष्ट पुरुषमाणसांच्या कानांवर घालण्यासारखी नाही.

महाजन बंधुभगिनींनो, या तीन वाक्यांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्यांत अज्ञान आहे असे वरवर पाहणारास वाटेल. मला तसे वाटत नाही. त्यांत तिची लाज आहे, देवाविषयीचा आदर आहे आणि घरच्यांना त्रास होऊ नये ही माया आहे. हे तिन्ही सद्गुणच. याच गुणांसाठी आपण आपल्या आयांना पूज्य मानतो. आणि याच गुणांनी त्या आठ महिन्यांत तिच्या रोगाला आडोसा दिला.

सुनेने त्या दिवशी सासूची आज्ञा मोडली. मी आजही मानतो की आमच्या घरात घडलेले ते सर्वांत मोठे आज्ञापालन होते. फोंड्याच्या एका स्त्री-डॉक्टरांनी तपासले आणि पणजीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात पाठविले. तेथे गर्भाशयाच्या मुखाचा लहानसा तुकडा काढून पाहण्यात आला. निदान झाले कर्करोगाचे.

डिसेंबरात पणजीच्या धक्क्यावरून बोटीने आम्ही मुंबईस निघालो. आईने त्यापूर्वी समुद्र ओलांडला नव्हता. रात्रभर ती डेकवर चटईवर बसून होती आणि किनाऱ्यावर दिवे दिसले की ‘हे कोणते बंदर?’ म्हणून विचारी. सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरलो आणि गिरगावात एका आप्ताच्या बिऱ्हाडी राहून परळच्या टाटा इस्पितळात जाऊ लागलो. तेथील डॉक्टरांनी रोग तिसऱ्या पायरीवर असल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. कोबाल्टच्या किरणांचा उपचार योजण्यात आला.

त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. विदर्भातील, मराठवाड्यातील, कोकणातील, उत्तरेकडील, कितीतरी बायका तेथे आपापल्या मुलांसह वा नवऱ्यांसह बसलेल्या असत. भाषा वेगळ्या, लुगड्यांच्या तऱ्हा वेगळ्या, पण आईशी त्यांचे बोलणे कसे कोण जाणे जमे आणि सर्वांची कहाणी थोड्याबहुत फरकाने एकच निघे: ‘आधी कोणाला सांगितले नाही.’ घरी जी गोष्ट सुनेशिवाय कोणाशी बोलता आली नव्हती ती आई त्या अनोळखी बायकांशी मोकळेपणाने बोलू लागली. मला वाटते, तिला निम्मा आराम त्या बाकावरच पडला.

उपचार संपवून आम्ही परतलो. रक्तस्राव कमी झाला होता, काही महिने बरे गेले. तरीही ती देवळात जाईना. एके दिवशी देवळातील वृद्ध भटजी प्रसाद घेऊन स्वतः घरी आले. आईने हात पुढे केला नाही. प्रसाद तुळशीपाशी ठेवण्यास सांगितले. भटजी काय ते समजले. ते म्हणाले, “वहिनी, रोगाक सोंवळें-ओंवळें आसना.” आणि त्यांनी प्रसाद तिच्या हातावर ठेवला.

ते जुन्या वळणाचे, कर्मठ गृहस्थ होते. स्नान केल्यावाचून पाण्याच्या भांड्याला शिवत नसत. त्यांच्या तोंडचे हे एक वाक्य आम्हां मुलांच्या शंभर समजावण्यांपेक्षा भारी ठरले. त्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेस आई पुन्हा देवळात आली. सभामंडपाच्या खांबाशी तिला बसविले. दीपमाळ उजळली तेव्हा तिच्या मांडीवर वातींची टोपली होती. अंगात त्राण नसताना तिने त्या वळल्या होत्या.

माघ महिन्यात, १९८० साली, ती गेली. अखेरचे तीन आठवडे वेदना फार झाल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने सुनेला जवळ बोलावून सांगितले, “तुला काही झाले तर माझ्यासारखी बसू नकोस.” तिचा उपदेश म्हणून जे काही आमच्यापाशी आहे ते एवढेच.

आता या उपदेशाचा अर्थ सांगण्याचा यत्न करतो. निवृत्तीनंतर या विषयावर जे वाचावयास मिळाले ते वाचीत आलो आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला म्हणजे तेथील पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य असून बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. तेव्हा हा रोग होणे यात कोणाच्या चारित्र्याला बोल लावण्यासारखे काहीही नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. संसर्गापासून रोगापर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. म्हणजे हा शत्रू दाराशी येऊन वर्षानुवर्षे उभा राहतो. या अवधीत त्याला ओळखले तर लहानशा उपचाराने त्याचा बंदोबस्त होतो.

त्याला ओळखण्याची विद्याही नवीन नव्हे. डॉ. पापानिकोलाऊ यांनी पेशी तपासण्याची आपली पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली ती १९४३ साली. म्हणजे आमची आई आजारी पडली त्याच्या पस्तीस वर्षे आधी. पण ती तपासणी गावोगाव पोहोचविणे सोपे नव्हते. पुढे आपल्याच देशात त्याहून सोपा मार्ग पारखून पाहण्यात आला. मुंबईच्या टाटा इस्पितळाने १९९८ पासून शहरातील वस्त्यांमधून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन, सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या शिरक्यातील आम्लच, गर्भाशयमुखास लावून ते डोळ्यांनी पाहावयाचे, एवढीच ती तपासणी. आम्ल लावल्यावर बदललेला भाग पांढरा दिसतो. बारा वर्षांनंतर हिशेब केला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. २०१३ साली हे निष्कर्ष जगापुढे आले.

त्याआधी २००९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांतल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे फलित प्रसिद्ध झाले होते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळाचा त्यात मोठा वाटा होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांच्या अवधीत या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले, असे त्यात दिसून आले. या स्त्रिया शहरातील सुशिक्षित नव्हत्या. शेतावर राबणाऱ्या, आमच्या आईसारख्याच लाजाळू होत्या. कोणी समजावून सांगितले आणि त्या आल्या, एवढाच फरक.

असे असूनही २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाकाठी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार त्याने दगावल्या. यांतील किती जणींनी प्रथम ‘गुडघे धरतात’ असे सांगितले असेल, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

जिव्हाळ्याचे माणूस कर्करोगाने गेल्यावर त्याच्या दुःखातून लोकोपयोगी कार्य उभे राहिल्याची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखाशी निगडित असलेले परळचे इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण या रोगाने गेली. त्यांनी ते शल्य तीस वर्षे उराशी बाळगले आणि १९५४ साली अड्यारला कर्करोग संस्था उभारली. अभिनेत्री नर्गिस ३ मे १९८१ रोजी आपल्या तीन मुलांना मागे ठेवून गेल्या. त्यांचे नाव आज बार्शीच्या इस्पितळावर आहे आणि खेड्यापाड्यांतील बायका तेथे तपासून घेतात. आपण टाटा नव्हे, डॉक्टरही नव्हे. इस्पितळे बांधण्याची ऐपत आपल्यापाशी नाही. पण मौन मोडण्यास पैसा लागत नाही.

यासाठी महाजन कुटुंबांपुढे मी तीन विनंत्या ठेवतो.

पहिली विनंती घरातील स्त्रियांस. तीस वर्षांपुढील प्रत्येकीने, काहीही त्रास नसताना, ही तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा करावी. विटाळ गेल्यानंतर दिसलेला रक्ताचा एक थेंबही वयाचा परिणाम समजू नये. मधूनमधून जाणारे रक्त, पतिपत्नीसंबंधानंतर जाणारे रक्त, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ओटीपोटातील न थांबणारे दुखणे यांपैकी काहीही असल्यास आठवड्याच्या आत डॉक्टरकडे जावे. प्रत्येक वेळी तो कर्करोगच असतो असे नव्हे, बहुधा नसतोच. पण नसल्याचे डॉक्टरांनी सांगावे, आपण ठरवू नये.

दुसरी विनंती पुरुषांस. आई वा पत्नी देवळात जाणे, स्वयंपाकाला शिवणे, पंक्तीत बसणे टाळू लागली तर त्यामागील कारण प्रेमाने जाणून घ्यावे. तिला पुरुषापाशी बोलणे जड जात असेल तर सुनेने, लेकीने, नणंदेने बोलावे. घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर त्यांना या विषाणूवरील लस देण्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. २०२२ साली पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या देशी लशीलाही मान्यता मिळाली आहे. मात्र लस घेतली तरी पुढील वयातील तपासणी चुकवू नये.

तिसरी विनंती संस्थानच्या पदाधिकाऱ्यांस. उत्सवात हळदीकुंकवासाठी आपल्या सर्व घरांतील स्त्रिया अग्रशाळेत एकत्र येतात. वर्षातून एकदा, त्याच अग्रशाळेत, स्त्री-डॉक्टर व परिचारिका यांना पाचारण करून अशी तपासणी ठेवावी. देवळाच्या आवारात अशा गोष्टी शोभतील काय, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर त्या वृद्ध भटजींनी आमच्या तुळशीपाशी देऊन ठेवले आहे. जी देवी जगन्माता म्हणवते तिच्या दारी एखाद्या आईचा जीव वाचविण्याचे कार्य अशोभनीय कसे ठरेल? आणि जी गोष्ट देवळाच्या आवारात उघडपणे होते तिची लाज घरात वाटेनाशी होते, हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे.

आईची आठवण म्हणजे तिचे छायाचित्र, त्याला घातलेला हार आणि वर्षश्राद्ध, हे सर्व आपण यथासांग करतोच, करावेच. परंतु जिने आयुष्यभर दुसऱ्यांची काळजी वाहिली आणि स्वतःविषयी बोलावयाचे तेवढे राहून गेले, तिचे खरे ऋण फेडावयाचे असेल तर आज आपल्या घरात वावरणाऱ्या आईला बोलते केले पाहिजे. तिचे ऐकून घेतले पाहिजे आणि ऐकून झाल्यावर तिला सोबत करून डॉक्टरच्या दारापर्यंत नेले पाहिजे.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, त्यातही मागे बसलेल्या माताभगिनींनी मान खाली न घालता ऐकलेत, याचे मला समाधान आहे. आपल्या सर्वांच्या घरच्या मातांस देवी निरोगी दीर्घायुष्य देवो, एवढी प्रार्थना करून माझे भाषण पुरे करतो.